वाचकांचे प्रश्न : थोर पोप ग्रेगरी, त्यांचा कारभार आणि त्यांची शिकवण

रोमचे पोप पहिले ग्रेगरी (जन्म सुमारे इ.स. ५४०, मृत्यू १२ मार्च ६०४) यांच्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या अंकात एकत्र उत्तरे देत आहे. जे प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते ते जोडून घेतले आहेत.

प्रश्न : ग्रेगरी यांना पोपपद नको होते, ते त्यांच्यावर लादले गेले, असे वाचले. संतचरित्रांत असा नकार लिहिण्याची प्रथाच असते ना? आणि ज्यांना पदच नको होते ते पुढे ‘थोर’ कसे ठरले?

उत्तर : शंका रास्त आहे. पद नाकारणारा संत हा जुन्या चरित्रांतला ठरावीक प्रसंग असतो. पण ग्रेगरींच्या बाबतीत आपल्याला चरित्रकारांच्या शब्दावर विसंबावे लागत नाही, कारण त्यांची स्वतःची ८५० च्या आसपास पत्रे आजही उपलब्ध आहेत. पद स्वीकारल्यावर थोड्याच दिवसांत, ऑक्टोबर ५९० मध्ये, पूर्व रोमन सम्राट मॉरिस यांची बहीण थिओक्टिस्टा हिला ते लिहितात की, बाहेरून आपण वर चढलो असे दिसत असले तरी आतून आपण कोसळलो आहोत. त्याच सुमारास साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल इथल्या पॅट्रिआर्कना, म्हणजे तिथल्या प्रमुख बिशपांना, लिहिताना ते आपल्या हाती आलेल्या ख्रिस्तसभेला जुन्या, खिळखिळ्या जहाजाची उपमा देतात : चहूबाजूंनी पाणी आत शिरत आहे आणि कुजलेल्या फळ्या जहाज फुटणार असल्याची सूचना देत करकरत आहेत. ही भाषा अलंकारिक आहे हे खरे. पण हीच व्यथा पुढची १४ वर्षे, वेगवेगळ्या माणसांना लिहिलेल्या पत्रांत, सतत येत राहते, म्हणून मला ती मनापासूनची वाटते.

ही व्यथा समजायची तर त्यांचे पूर्वायुष्य पाहावे लागते. ते रोममधल्या श्रीमंत, उच्चकुलीन घराण्यात जन्मले. वडील गॉर्डिआनस, आई सिल्व्हिया; पूर्वजांमध्ये एक पोपही होऊन गेले होते. त्यांचे बालपण ज्या रोममध्ये गेले ते शहर मात्र युद्धाने आणि प्लेगने पोखरले होते. गॉथ या जर्मानिक टोळीचा राजा टोटिला याने ५४६ मध्ये रोम घेतले तेव्हा ग्रेगरी पाच-सहा वर्षांचे असावेत. मोठेपणी, ५७३ च्या सुमारास, ते रोमचे प्रीफेक्ट, म्हणजे शहराचे सर्वोच्च मुलकी अधिकारी झाले, आणि एक-दोन वर्षांतच ते पद सोडून त्यांनी रोममधल्या सीलियन टेकडीवरच्या आपल्या वडिलोपार्जित वाड्याचा संत आंद्रेयाच्या नावाने मठ केला. सिसिलीतल्या कौटुंबिक जमिनींवर त्यांनी आणखी ६ मठ उभारले. आयुष्यातला खरा आनंद आपल्याला या मठवासात मिळाला, असे ते पुढे सतत सांगत राहिले.

तो आनंद फार टिकला नाही. पोप दुसरे पेलेजिअस यांनी त्यांना सुमारे ५७९ मध्ये आपले प्रतिनिधी म्हणून कॉन्स्टँटिनोपलला पाठवले आणि तिथे त्यांना सहा-सात वर्षे काढावी लागली. सोबत आलेल्या मठबंधूंना ते तिथे बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकावर प्रवचने देत. सेव्हिलचे लिआंडर यांच्या आग्रहावरून सुरू झालेले ते विवरण पुढे ३५ खंडांचे झाले. ५८९ च्या अखेरीस टायबर नदीला महापूर आला, ख्रिस्तसभेची धान्याची कोठारे वाहून गेली, पाठोपाठ प्लेग आला आणि फेब्रुवारी ५९० मध्ये खुद्द पेलेजिअस त्यात दगावले. लोकांनी आणि धर्मगुरूंनी ग्रेगरींना निवडले. सम्राट मॉरिस यांनी या निवडीला मान्यता देऊ नये अशी विनंती करणारे पत्र त्यांनी पाठवले होते. ते पत्र शहराच्या प्रीफेक्टने मध्येच अडवले, असे गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) तूर्सचे बिशप, त्यांचेच नामबंधू ग्रेगरी, नोंदवतात. मान्यता येईपर्यंत त्यांनी शहरात ७ गटांची प्रायश्चित्ताची मिरवणूक काढली. तिच्यात चालता चालता एका तासात ८० माणसे कोसळून मेली, अशी नोंद याच तूर्सच्या बिशपांनी केली आहे आणि ती त्यांनी त्या वेळी रोममध्ये असलेल्या आपल्या डीकनच्या, म्हणजे साहाय्यक धर्मसेवकाच्या, तोंडून ऐकली होती. (प्लेग संपल्याची खूण म्हणून सम्राट हेड्रिअनच्या समाधीवर देवदूताने तलवार म्यान केल्याची प्रसिद्ध कथा मात्र बऱ्याच नंतरची आहे.) ३ सप्टेंबर ५९० रोजी त्यांचा पोप म्हणून अभिषेक झाला.

आता ‘थोर’ कशामुळे, हा प्रश्न. माझे उत्तर अनेकांना रुक्ष वाटेल : मला त्यांचे थोरपण सर्वांत स्पष्ट दिसते ते सिसिलीतल्या शेतजमिनींच्या कारभारात. सिसिली, कंपानिया आणि इतरत्र रोमच्या ख्रिस्तसभेच्या मोठ्या जमिनी होत्या आणि त्यांच्या उत्पन्नावर रोममधले गरीब, निर्वासित व मठ जगत होते. या जमिनी कसणाऱ्या कुळांची तक्रार ५९१ मध्ये ग्रेगरींच्या कानावर आली, तेव्हा त्यांनी तिथले कारभारी सबडीकन पीटर यांना लिहिलेले लांबलचक पत्र मुद्दाम वाचावे असे आहे. सुगीत धान्य मुबलक असले तरी कुळांकडून ते बाजारभावानेच घ्यावे; ठरलेल्यापेक्षा मोठ्या मापाने धान्य मोजून घेऊ नये आणि खोटी मापे मोडून टाकावीत; कुळाच्या घरच्या लग्नावरची फी एका सॉलिडसपेक्षा, म्हणजे सोन्याच्या एका नाण्यापेक्षा, अधिक नसावी आणि गरिबाकडून त्याहूनही कमी घ्यावी; शेतसाऱ्याचा पहिला हप्ता धान्य विकण्याआधीच भरावा लागत असल्याने कुळे सावकाराच्या कचाट्यात सापडतात, म्हणून त्यांना ख्रिस्तसभेच्या निधीतून आगाऊ रक्कम द्यावी आणि ती हप्त्याहप्त्याने परत घ्यावी. पत्राच्या शेवटी ते सांगतात की हा मजकूर सर्व जमिनींवर कुळांना वाचून दाखवावा, म्हणजे जुलूम झाला तर कशाच्या आधारे दाद मागायची हे त्यांना कळेल. अन्याय करू नका असे सांगणारे धर्मगुरू पुष्कळ झाले. ज्याच्यावर अन्याय होऊ शकतो त्याच्या कानावर त्याचे हक्क घालण्याची तजवीज करणारे फार थोडे. ख्रिस्तसभेची थैली हीन मार्गाने आलेल्या पैशाने विटाळू नये, ही त्यांची भूमिका होती आणि ती त्यांनी मापांपर्यंत, हप्त्यांपर्यंत नेली.

प्रश्न : त्यांच्या ‘पास्टोरल रूल’ या ग्रंथात काय आहे? तो केवळ बिशप आणि धर्मगुरूंसाठी आहे का?

उत्तर : आध्यात्मिक मेंढपाळाने कसे वागावे, हा या ग्रंथाचा विषय. तो पोपपदाच्या अगदी आरंभी लिहिला गेला आणि रॅव्हेनाचे बिशप जॉन यांना उद्देशून आहे. ही जबाबदारी टाळण्याचा प्रयत्न तुम्ही का केलात, असे जॉन यांनी प्रेमाने खडसावले होते. त्याचे उत्तर म्हणून ग्रेगरींनी जबाबदारीचा भारच उलगडून दाखवला. ग्रंथाचे ४ भाग आहेत : या पदावर कोणी यावे, आल्यावर कसे जगावे, कसे शिकवावे, आणि शेवटचा, अगदी लहान भाग म्हणजे शिकवणाऱ्याने आपले दुबळेपण कसे विसरू नये.

आरंभीच ते म्हणतात की कोणतीही विद्या आधी शिकल्याशिवाय ती दुसऱ्याला शिकवायला कोणी धजावत नाही, आणि मनुष्याच्या अंतःकरणाचा सांभाळ ही तर सर्व विद्यांची विद्या. ज्याला औषधी ठाऊक नाहीत त्याला स्वतःला वैद्य म्हणवून घ्यायची लाज वाटते, पण अंतःकरणाचे वैद्य व्हायला मात्र अडाण्यालाही संकोच वाटत नाही. तिसरा भाग सर्वांत मोठा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे. त्यात ते श्रोत्यांच्या तीसहून अधिक जोड्या घेतात : गरीब आणि श्रीमंत, आनंदी आणि खिन्न, नोकर आणि मालक, मितभाषी आणि बडबडे, उतावळे आणि आळशी. प्रत्येकाला एकच उपदेश वेगवेगळ्या रीतीने कसा करावा हे ते सांगतात. जे औषध एक रोग हटवते तेच दुसरा बळावते. जी भाकरी सशक्ताला पोसते ती तान्ह्या बाळाचा जीव घेते. वीणेच्या सर्व तारा एकाच नखीने छेडल्या जातात, पण प्रत्येकीवरचा आघात निराळा असतो, म्हणूनच सूर जुळतात.

या जोड्यांत एक जोडी अशी आहे, की जिच्यापाशी वाचक हमखास थबकतो : जे दुसऱ्याचे हिसकावत नाहीत पण आपलेही देत नाहीत ते लोक. अशांना ग्रेगरी सांगतात की भूमी सर्वांची समाईक आहे, आणि गरजूला आवश्यक ते देताना आपण त्याचेच त्याला परत करत असतो. ते दयेचे कृत्य नव्हे, न्यायाने देणे असलेले ऋण आहे. कुळांच्या पत्रामागचा विचार इथे दिसतो. अधिकाराविषयीही ते असेच स्पष्ट आहेत : स्वभावतः सर्व माणसे समान आहेत, म्हणून वरच्या पदावरच्या माणसाने आपण इतरांवर सत्ता चालवतो यात नव्हे तर त्यांच्या उपयोगी पडतो यात आनंद मानावा. तेव्हा हा ग्रंथ केवळ धर्मगुरूंसाठी आहे का, याचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. ज्याच्या हाताखाली एकही माणूस आहे त्याने तो वाचावा. तो ग्रेगरींच्या हयातीतच ग्रीकमध्ये गेला, आणि ९ व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील वेसेक्सचे राजे आल्फ्रेड यांनी तो आपल्या लोकांच्या भाषेत आणला.

ग्रंथाचा शेवट त्यांनी स्वतःवर आणून सोडला आहे. आपण एक कुरूप चित्रकार असून सुंदर माणसाचे चित्र काढून दाखवले, असे ते जॉनना लिहितात. इतरांना किनारा दाखवणारे आपण स्वतः अजून लाटांत गटांगळ्या खात आहोत, तेव्हा या आयुष्याच्या जहाजफुटीत तुमच्या प्रार्थनेची एक फळी आपल्याला आधाराला द्या.

प्रश्न : इंग्लंडमध्ये मिशनरी पाठवताना त्यांनी जुनी मंदिरे पाडू नयेत असे सांगितले म्हणतात. मग धर्मांतराबाबत ते सहिष्णू होते असे म्हणता येईल का? ज्यू लोकांशी आणि गुलामांशी ते कसे वागले?

उत्तर : एका शब्दात उत्तर देता येणार नाही, आणि द्यायचा प्रयत्न केला तर तो अप्रामाणिकपणा होईल.

इंग्लंडची मोहीम ५९६ मध्ये निघाली. प्रमुख होते ग्रेगरींच्याच मठातले ऑगस्टीन, सोबत सुमारे ४० जण. ५९७ मध्ये ते केंटच्या किनाऱ्याजवळच्या थॅनेट बेटावर उतरले. केंटचा राजा एथेलबर्ट ख्रिस्ती नव्हता, पण त्याची राणी बर्था, गॉलवर राज्य करणाऱ्या फ्रँक लोकांतली, ख्रिस्ती होती. जून ६०१ मध्ये ग्रेगरी राजाला लिहितात की मूर्तिपूजा मोडून काढ आणि तिची मंदिरे पाड. त्यानंतर महिनाही उलटण्याआधी इंग्लंडच्या वाटेवर असलेले मठाधिपती मेलिटस यांच्यामागे त्यांनी दुसरे पत्र धाडले : आपण या गोष्टीवर पुष्कळ विचार केला आहे, मूर्ती नष्ट कराव्यात, पण इमारती पाडू नयेत, त्या पवित्र पाणी शिंपडून शुद्ध कराव्यात, म्हणजे लोक आपल्या ओळखीच्या जागी येत राहतील. बैलांचे बळी देण्याचा त्यांचा सण होता, त्याऐवजी हुतात्म्यांच्या सणाच्या दिवशी झाडांच्या फांद्यांचे मांडव घालून त्यांनी मेजवानी करावी. उंचावर चढणारा पायरी पायरीने चढतो, उड्या मारत नाही, असे कारण ते देतात. पहिल्या पत्रातला हुकूम त्यांनी विचारान्ती बदलला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोणत्या ख्रिस्तसभेची रीत पाळावी, रोमची की गॉलची, असे ऑगस्टीन यांनी विचारले तेव्हाही त्यांचे उत्तर याच वळणाचे होते : जिथे जे चांगले सापडेल ते घ्या, गोष्टी त्यांच्या स्थळामुळे प्रिय मानू नयेत, स्थळे तिथल्या चांगल्या गोष्टींमुळे प्रिय मानावीत.

ज्यूंच्या बाबतीत ५९१ मध्ये त्यांनी गॉलमधल्या आर्ल आणि मार्सेच्या बिशपांना कळवले की जबरदस्तीने दिलेला बाप्तिस्मा माणसाला वाचवत नाही, मन वळवण्याचा मार्ग उपदेशाचाच आहे. ५९८ मध्ये पालेर्मोच्या बिशपांनी ज्यूंची सभास्थाने बळकावून ती ख्रिस्तमंदिरे म्हणून अर्पण करून टाकली होती. ग्रेगरींनी त्यांची किंमत भरून देण्याचा आणि ग्रंथ व सामग्री परत करण्याचा आदेश दिला. कायद्याने ज्यूंना जे दिले आहे त्यात त्यांना तोशीस लागू नये, हे त्यांचे सूत्र पुढे कित्येक शतके पोपांच्या फर्मानांत उद्धृत होत राहिले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ख्रिस्तसभेच्या जमिनीवरचे ज्यू धर्मांतर करतील तर त्यांचा खंड कमी करावा, असे त्यांनीच सुचवले आहे. सार्डिनियात मूर्तिपूजक कुळांवर खंडाचा बोजा इतका वाढवावा की ती नाइलाजाने वळतील, असे ते लिहितात, आणि ५९९ मध्ये तर हटवादी मूर्तिपूजक गुलाम असेल तर त्याला फटके मारावेत व स्वतंत्र असेल तर कोंडून ठेवावे, असेही. कुळांना न्याय देणाऱ्या त्याच लेखणीतून हे उतरले आहे आणि ते वाचताना मला यातना होतात. गुलामगिरीबाबत तोच ताण दिसतो. ५९५ मध्ये मोंटाना आणि थॉमस या दोघांना मुक्त करताना ते लिहितात की निसर्गाने माणसे स्वतंत्रच जन्माला घातली आणि मनुष्यांच्या कायद्याने त्यांच्या मानेवर गुलामीचे जू ठेवले. त्याच वर्षी ते गॉलमधल्या कारभाऱ्याला सांगतात की तिथल्या उत्पन्नातून १७-१८ वर्षांचे इंग्लिश गुलाम मुलगे विकत घ्यावेत, म्हणजे त्यांना मठांत वाढवता येईल. ख्रिस्तसभेकडे गुलाम होते आणि ही व्यवस्था मोडण्याचा विचार ग्रेगरींनी केला नाही. रोमच्या बाजारातल्या गोऱ्या मुलांना पाहून त्यांनी ‘अँगल’ (इंग्लंडमधल्या लोकांचे नाव) आणि ‘एंजल’ (देवदूत) अशी शब्दांची सांगड घातल्याची कथा इंग्लिश मठवासी इतिहासकार बीड यांनी ७३१ च्या आपल्या इतिहासात दिली आहे. ती परंपरेने आलेली कथा म्हणूनच त्यांनी दिली आहे.

प्रश्न : ग्रेगोरियन कॅलेंडर आणि ग्रेगोरियन गायन हे दोन्ही त्यांचेच का?

उत्तर : कॅलेंडर नाही. ते १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी लागू केले. गायनाला त्यांचे नाव मिळाले असले, तरी त्या गायनाचे आजचे रूप ८ व्या-९ व्या शतकांत फ्रँक राज्यात घडले असे अभ्यासक मानतात.

प्रश्न : येशूची शिष्या मग्दालीया मरीया हिला पतिता ठरवण्याचा दोष ग्रेगरींना दिला जातो. तो योग्य आहे का?

उत्तर : बऱ्याच अंशी योग्य आहे. लूकच्या शुभवर्तमानातील ७ व्या अध्यायातली अनाम पापी स्त्री, बेथानीची मरीया आणि मग्दालीया मरीया या तिघी एकच, असे त्यांनी ५९१ च्या सुमारास एका प्रवचनात सांगितले आणि मग्दालीयेतून निघालेली ७ भुते म्हणजे सर्व दुर्गुण, असा अर्थ लावला. शुभवर्तमानात त्याला आधार नाही. पूर्वेकडच्या ख्रिस्तसभांनी या तिघी वेगळ्याच मानल्या. रोमन कॅथलिक उपासनेतही १९६९ च्या दिनदर्शिकेपासून मग्दालीयेच्या सणातून हे एकीकरण गेले. एवढे मात्र लक्षात घ्यावे की त्या प्रवचनाचा रोख तिच्या पापावर नव्हता. रडणाऱ्याला देव कसा जवळ घेतो, हे घाबरलेल्या, प्लेगमधून नुकत्याच उठलेल्या शहराला ते सांगत होते. हेतू चांगला होता, परंतु त्या स्त्रीच्या नावावर बसलेला डाग शतकानुशतके राहिला.

प्रश्न : ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ ही पदवी त्यांनी घेतली, पण सम्राट फोकास याची स्तुतीही केली. यात विसंगती नाही का?

उत्तर : आहे. कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क स्वतःला ‘वैश्विक’ म्हणवू लागले तेव्हा ग्रेगरींनी ५९५ पासून कडाडून विरोध केला. अलेक्झांड्रियाचे पॅट्रिआर्क युलोजिअस यांनी उलट ग्रेगरींनाच ‘वैश्विक पोप’ असे संबोधले, तेव्हा त्यांनी तेही नाकारले : माझ्या बंधूंचा मान कमी करून मिळणारा मान मला नको, माझा मान म्हणजे माझ्या बंधूंचे बळ. हे लिहिणाऱ्या माणसाने, ज्याने ६०२ मध्ये सम्राट मॉरिसला त्याच्या मुलांसह ठार मारून गादी बळकावली त्या फोकासला आनंदाने न्हालेले अभिनंदनपत्र पाठवले. रोमला राजधानीची मर्जी हवी होती आणि मॉरिसशी त्यांचे अनेक खटके उडाले होते, ही कारणे मला ठाऊक आहेत. त्या कारणांनी ते पत्र समजते, पण समर्थनीय ठरत नाही.

प्रश्न : इटलीवर चाल करून आलेल्या लोंबार्डांशी ग्रेगरींनी परस्पर तह केला. धर्मगुरूने राजकारणात असे पडावे का? शेवटी त्याचा उपयोग झाला का?

उत्तर : लोंबार्ड ५६८ मध्ये इटलीत उतरले. सम्राटाचा प्रतिनिधी रॅव्हेनात बसून होता आणि तो ना लढत होता, ना तह करत होता. ग्रेगरींनी ५९२ मध्ये स्पोलेटोचा ड्यूक आरिउल्फ याच्याशी स्वतः बोलणी केली, त्याबद्दल सम्राटाने त्यांना भोळसट ठरवले. पुढच्या वर्षी लोंबार्डांचा राजा आगिलुल्फ रोमवर चालून आला. माना दोरांनी बांधून, कुत्र्यांसारखे ओढत रोमन माणसांना फ्रँकांच्या देशात विकायला नेताना आपण डोळ्यांनी पाहिले, असे ग्रेगरी सम्राटाला लिहितात. त्या वेळी ते बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकावर प्रवचने देत होते. कोणी हात तोडलेल्या अवस्थेत परत येत आहे, कोणी कैदेत पडल्याची तर कोणी मारला गेल्याची वार्ता येत आहे, आता माझी जीभ चालत नाही, असे सांगून त्यांनी ती प्रवचने २२ व्यावर थांबवली. शहर वाचले ते मुख्यतः ग्रेगरींनी लोंबार्डांना पैसा दिला म्हणून. सम्राज्ञी कॉन्स्टंटिना हिला ५९५ मध्ये त्यांनी लिहिले, की रॅव्हेनात सैन्याचा खर्च भागवणारा जसा सम्राटाचा खजिनदार असतो, तसा रोममध्ये लोंबार्डांचा खजिनदार मी आहे. अशा वेळी राजकारणात पडावे की नाही, हा पर्याय त्यांच्यासमोर होता असे मला वाटत नाही.

तहाची वाट पुढे आगिलुल्फची राणी थिओडेलिंडा हिच्यामुळे मोकळी झाली. ती बव्हेरियाची, कॅथलिक विश्वासाची होती. ५९८ च्या सुमारास तह झाला तेव्हा ग्रेगरींनी तिचे पत्राने आभार मानले. ६०३ च्या ईस्टरला तिचा आणि आगिलुल्फचा मुलगा आडालोआल्ड याला मोंत्सा इथे कॅथलिक बाप्तिस्मा मिळाला. ग्रेगरी तोवर वर्षानुवर्षे संधिवाताने अंथरुणाला खिळले होते. डिसेंबर ६०३ मध्ये त्यांनी राणीला उत्तर पाठवले : तुम्ही विचारलेल्या धर्मशास्त्रीय शंकांना सविस्तर उत्तर द्यायचे आहे, पण उठणे तर दूरच, बोलण्याचीही शक्ती उरलेली नाही, देवाने बरे केले तर लिहीन. पत्रासोबत त्यांनी बाळासाठी ख्रिस्ताच्या क्रुसाच्या लाकडाचा अंश असलेला एक क्रूस आणि पर्शियन पेटीत ठेवलेला शुभवर्तमानाचा पाठ पाठवला, आणि बाळाच्या बहिणीसाठी तीन अंगठ्या. त्यानंतर तीन महिन्यांनी ते वारले.